दार ठोठवायचे कुणाचे?

काशीच्या मणिकर्णिका घाटावर चितेसाठी अग्नी हवा असेल, तर तो डोम घराण्याकडूनच घेण्याची प्रथा आजही आहे. राजा हरिश्चंद्र काशीत अशाच एका डोमाच्या चाकरीला राहिला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. (ते स्मशान मणिकर्णिकेचे की हरिश्चंद्र घाटाचे, या वादात आपण पडायला नको.) गंमत अशी, की राजाने ना अर्ज केला, ना कुणाचा वशिला लावला. ज्याला माणूस हवा होता, त्याच्याचपुढे तो उभा राहिला.

ही कथा पडद्यावर आणणाऱ्या दादासाहेब फाळके यांनीही असेच काहीसे केले होते. फेब्रुवारी १९१२ मध्ये चित्रपटाची विद्या शिकायला ते लंडनला गेले. पिकॅडिली भागात हिंडताना त्यांना ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाची पाटी दिसली. भारतात असताना ते या साप्ताहिकाचे वर्गणीदार होते. ते सरळ आत गेले आणि संपादकांना भेटले. संपादकांनी आधी ‘या धंद्यात पडू नका’ असेच सांगितले. पण त्यांची तळमळ पाहून सेसिल हेपवर्थ या निर्मात्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थ यांनी वॉल्टनचा आपला स्टुडिओ त्यांना हिंडून दाखवला, चित्रीकरणही दाखवले.

वाचकहो, आज घरोघरी शिकलेली मुले-मुली संगणकापुढे बसून दिवसाला दहा-दहा अर्ज पाठवत असतात. उत्तर येत नाही. सहा महिने असे गेले, की मुलगी जेवताना बोलेनाशी होते आणि आई विचारायचे सोडून देते. अशा घरांना मी एकच सुचवीन : अर्ज जरूर करा, पण त्याबरोबर ज्याच्या हाताखाली काम करायचे आहे, त्या माणसालाही दोन ओळी लिहा. पूर्वी यासाठी लंडनची पाटी दिसावी लागे. आता ‘लिंक्डइन’वर कंपनीचे नाव घातले, की त्या विभागाचा प्रमुख कोण हे बहुधा कळते.

‘म्हणजे वशिलाच ना?’ असे पुष्कळ आई-वडील विचारतात. मुळीच नाही. वशिला म्हणजे रांग मोडून मला आत घ्या, ही विनंती. इथे आपण फक्त म्हणतो, रांगेत मी उभी आहे, एकदा माझ्याकडे पाहा. निवड व्हायची ती मुलाखतीतच.

मात्र लिहावे कसे, याचा धडा फाळक्यांकडूनच घ्यावा. ते वाचक म्हणून गेले. समोरच्याचे काम त्यांना आधीपासून माहीत होते, आणि त्यांनी मागितली ती माहिती. आपली मुले नेमके उलटे करतात. ‘आदरणीय महोदय, मला नोकरीची अत्यंत गरज आहे’ हाच मजकूर पन्नास जणांना जातो. गरज खरी असते, पण अनोळखी माणूस त्यावर काय करणार? त्यापेक्षा असे लिहावे : ‘आपल्या विभागातील लेखापालाच्या जागेसाठी मी काल अर्ज केला आहे. एका सहकारी पतपेढीत दोन वर्षे जीएसटीची विवरणपत्रे मी भरली आहेत. या जागेवर निर्यातीचे कामही असते का, एवढे कळवाल का?’ संपले. तिथे शब्दांना मर्यादा असते, ते एका परीने बरेच आहे. भाषा इंग्रजी असली तरी चालेल, पण ती आपलीच असावी. यंत्राकडून लिहून घेतलेले गुळगुळीत पत्र सराईत माणूस लगेच ओळखतो.

आणि साहेब लोकांना अशा पत्रांचा त्रास होतो, हा समजही सर्वस्वी खरा नाही. माणूस शोधणाऱ्याचीही अडचण असते. ‘राजा हरिश्चंद्र’साठी फाळक्यांनी वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. आले ते इतके बेताचे, की कुरूप चेहऱ्यांनी येऊ नये अशी पुस्ती जोडावी लागली! तारामतीच्या भूमिकेसाठी तर कोणी स्त्री मिळेना. अखेर ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात आचारी असलेले अण्णा साळुंके त्यांना सापडले. दहा रुपये पगार होता, फाळक्यांनी पंधरा देऊ केले. पुढे ‘लंकादहन’मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही केले.

ओळखी राखून असणाऱ्याला त्या कधी उपयोगी पडतील सांगता येत नाही. भागीदारांशी न पटल्याने कंपनी सोडून फाळके काशीला जाऊन राहिले. तिथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. चित्रपटाच्या जगाला आपण मेलो आहोत, असे त्यांनी ‘संदेश’चे संपादक अच्युतराव कोल्हटकरांना कळवले. कोल्हटकर वस्ताद! ‘दादासाहेब फाळके वारले’ अशा मथळ्याखाली त्यांनी ते पत्रच छापले. ‘परत या’ म्हणणारी वाचकांची पत्रे येऊ लागली, तेव्हा ते अंकही काशीला धाडले. १९२२ मध्ये फाळके नाशिकला परतले आणि महिना हजार रुपये पगारावर त्याच कंपनीत रुजू झाले.

आता काही पथ्ये. उत्तर आले नाही, तर आठवड्याने एकदाच आठवण करावी. तिसरे पत्र नको. सरकारी आणि बँकांच्या परीक्षांच्या जागांसाठी हा मार्ग नाही, तिथे अधिकाऱ्याला गाठणे अंगाशी येईल. मुलींनी घरचा पत्ता देऊ नये, भेट कार्यालयातच आणि कामाच्या वेळेत घ्यावी. आणि नोकरीसाठी कोणी ‘अनामत’ किंवा ‘प्रशिक्षण शुल्क’ मागितले, तर हुद्दा कितीही मोठा लिहिलेला असो, तिथेच पत्रव्यवहार थांबवावा. पैसे गेले असतील, तर लाजून गप्प न बसता १९३० या सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब फोन करावा.