कंपनी विलीन झाली, प्रवास विलीन होत नाही

१२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा ही विमान कंपनी एअर इंडियात विलीन झाली. आदल्या दिवसापर्यंत जे विमान ‘यूके’ या अक्षरांच्या नंबराने उडत होतं, तेच विमान दुसऱ्या दिवसापासून ‘एआय’ म्हणून उडू लागलं. जुन्या नंबराच्या आधी २ लावून नवा नंबर तयार झाला. यूके ९५५ होती ती एआय २९५५ झाली. त्याआधी दीड महिना, १ ऑक्टोबर २०२४ ला, एअर एशिया इंडिया म्हणून सुरू झालेली आणि पुढे एआयएक्स कनेक्ट झालेली कंपनी एअर इंडिया एक्सप्रेसमध्ये मिसळून गेली. वर्तमानपत्रांत शेअर, भांडवल, टाटा आणि सिंगापूर एअरलाइन्स यांच्याविषयी भरपूर छापून आलं. एका छोट्या प्रश्नावर मात्र कुणी लिहिलं नाही, आणि तो प्रश्न बऱ्याच घरांतल्या वह्यांमध्ये पडून आहे.

आपल्या विमानप्रवासांची नोंद ठेवणारे लोक आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त आहेत. आखातात नोकरी करणारे ठेवतात, मुलांकडे परदेशी जाऊन-येऊन राहणारे निवृत्त आईवडील ठेवतात, हज-उमऱ्याची आठवण म्हणून कुणी ठेवतो, आणि निव्वळ हौस म्हणून ठेवणारे तर आहेतच. कुणाची डायरी असते, कुणाचा एक्सेलचा तक्ता, कुणाचं मोबाइलमधलं ॲप. या सगळ्यांपुढे प्रश्न एकच: २०१९ साली आपण विस्तारानं दिल्लीला गेलो होतो. आता विस्तारा नाही. मग त्या ओळीत ‘एअर इंडिया’ लिहायचं का?

माझं मत स्पष्ट आहे. लिहू नये. ज्या दिवशी प्रवास झाला त्या दिवशी बोर्डिंग पासवर जे नाव आणि जो नंबर होता, तोच नोंदीत कायम राहावा. नंतर जे घडलं त्यासाठी शेऱ्याचा रकाना असतो.

वरवर पाहता ही क्षुल्लक गोष्ट आहे. पण जुनी नोंद नव्या नावाने ‘सुधारायची’ म्हटली की ती कोणत्या आधारावर सुधारायची, हे ठरवता येत नाही.

समजा, विलीनीकरणाची तारीख आधार धरली. इंडियन एअरलाइन्सचं उदाहरण घ्या. डिसेंबर २००५ मध्ये तिने आपलं नाव नुसतं ‘इंडियन’ केलं. ऑगस्ट २००७ मध्ये ती कागदोपत्री एअर इंडियाबरोबर एका नव्या सरकारी कंपनीत गेली. त्या कंपनीचं नाव नॅशनल एव्हिएशन कंपनी ऑफ इंडिया, आणि ते नाव कोणत्याही प्रवाशाने कधी उच्चारलं नसेल. तिचं नाव पुन्हा एअर इंडिया झालं २०१० मध्ये. आणि इंडियन एअरलाइन्सचा ‘आयसी’ हा जुना कोड विमानांवरून गेला तो फेब्रुवारी २०११ मध्ये. आता २००९ साली आयसी नंबराच्या विमानाने मुंबईहून दिल्लीला गेलेल्या माणसाने काय लिहावं? कायद्याने एक नाव, पाटीवर दुसरं, तिकिटावर तिसरं. या तिन्हींपैकी त्याच्या हातात होतं ते तिकीट. त्याने तिकिटावरचंच लिहावं.

समजा, कायद्याने कोणती कंपनी उरली हा आधार धरला. मग किंगफिशर आणि एअर डेक्कनचं काय? सगळ्यांच्या आठवणीत किंगफिशरने डेक्कन गिळली, आणि २००८ मध्ये डेक्कनची विमानं ‘किंगफिशर रेड’ झाली. कागदावर मात्र उलटं झालं. देशांतर्गत सेवेची पाच वर्षं पूर्ण झाल्याशिवाय परदेशी उड्डाणाची परवानगी मिळत नसे. किंगफिशर २००५ मध्ये उडू लागली होती, डेक्कन २००३ मध्ये. म्हणून किंगफिशरचा व्यवसाय डेक्कनच्या कंपनीत विलीन केला आणि मग त्या कंपनीलाच किंगफिशरचं नाव दिलं. म्हणजे ‘उरलेल्या कंपनीचं नाव लिहा’ असा नियम केला, तर २००६ साली किंगफिशरने प्रवास केलेल्यालाही आपण डेक्कनचा प्रवासी म्हणायला हवं. कुणाला पटेल?

नुसत्या नावावर विसंबलं तरी घोटाळा होतो, आणि त्याचा दाखला आपल्या ओझरमध्येच आहे. डिसेंबर २०१७ मध्ये ‘उडान’ योजनेखाली नाशिक-मुंबई विमान सुरू झालं, त्या कंपनीचं नाव होतं एअर डेक्कन. पण २००३ ची, किंगफिशरमध्ये गेलेली एअर डेक्कन ती ही नव्हे. संस्थापक तेच कॅप्टन गोपीनाथ, नाव तेच, कंपनी वेगळी. एखाद्याच्या वहीत २००६ मध्ये ‘एअर डेक्कन’ आणि २०१८ मध्येही ‘एअर डेक्कन’ असेल, तर दोन्ही नोंदी बरोबर आहेत. पण त्या एकाच कंपनीच्या आहेत असं समजून बेरीज केली, तर ती चुकेल.

आणि कोडही कायमचा नसतो. विस्ताराला मिळालेली ‘यूके’ ही अक्षरं त्याआधी ब्रिटनमधल्या एअर यूके या कंपनीची होती. कंपनी जाते, अक्षरं दुसऱ्याला मिळतात. म्हणून नोंदीत नुसता कोड ठेवून नाव ॲपच्या भरवशावर सोडू नये. ॲपने आपली यादी बदलली की आपल्या जुन्या ओळीतलं नावही आपल्याला न विचारता बदलू शकतं.

यावर मार्ग शोधायला फार लांब जायला नको. आपल्या गावच्या तलाठ्याकडे तो पूर्वीपासून आहे. जमीन विकली गेली, वारसाला गेली, की सातबाऱ्यावरचं जुनं नाव रबराने खोडत नाहीत. त्या नावाला कंस होतो, नवं नाव येतं, आणि कोणत्या फेरफाराने हा बदल झाला त्याचा क्रमांक शेजारी लिहिला जातो. तो फेरफार पाहायचा तर गाव नमुना सहाची नोंदवही आहे. म्हणजे आजचा मालक कळतो, कालचा कळतो, आणि बदल कशाने झाला तेही कळतं. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्येही हीच शिस्त असते. मुलीचं लग्नानंतर आडनाव बदललं म्हणून चौथीच्या वर्गात ती कोणत्या नावाने बसली होती, ते बदलत नाही.

मुस्लिम वाचकाला ही शिस्त नवी नाही. हदीसच्या अभ्यासात ‘अस्माउर्-रिजाल’ नावाची एक पूर्ण विद्याशाखा आहे. कथन करणारा कोण, त्याचं नाव काय, तो कुणाचा शागीर्द, कोणत्या शहरात राहिला, कधी वारला, हे सगळं तीत नोंदलं जातं, कारण सांगणाऱ्याची ओळख पक्की नसेल तर सांगितलेल्यावर भरवसा ठेवता येत नाही. सीरतच्या पुस्तकांत हिजरतीपूर्वीचा प्रसंग येतो तेव्हा शहराचं नाव यसरिब असं येतं. मदिना हे नाव त्यानंतरचं. त्यामुळे मदिनेचा मान कमी होत नाही. उलट काळ कळतो. उर्दूत ‘तारीख’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत: कॅलेंडरवरचा दिवस आणि इतिहास. दिवसाची नोंद नीट ठेवली तरच इतिहास नीट राहतो, हे त्या शब्दातच आलं.

आपल्या समाजात विलीनीकरणाचं एक जुनं उदाहरण आहे, फक्त ते विमानांचं नाही. मुंबईहून जेद्दाला हाजींना नेणारी जहाजं मोगल लाइनची असत. ‘अकबर’, ‘मोहम्मदी’ ही नावं जुन्या पिढीला पाठ होती. १९८६ मध्ये मोगल लाइन शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियात विलीन झाली, आणि १९९५ नंतर हजची समुद्रवाट बंद पडली. आता १९७५ च्या हाजीसाहेबांच्या कागदावर ‘मोगल लाइन’ लिहिलेलं असेल आणि नातवाने ते नीटनेटकं करण्यासाठी ‘शिपिंग कॉर्पोरेशन’ केलं, तर काय होईल? माहिती चूक झाली असं एखादा कारकून म्हणणारही नाही. पण बंदरावर निरोप द्यायला जमलेली गर्दी, पेट्या, वळकट्या, डेकवरचे दिवस हे सारं ज्या नावाला चिकटलेलं होतं, ते नाव घरातून गेलं. मोठ्या संस्था आपला इतिहास जपायला माणसं नेमतात. छोट्या माणसाचा इतिहास त्याच्या वहीतच असतो.

यावर एक रास्त आक्षेप आहे. काहींना एकूण हिशेब हवा असतो: एअर इंडिया समूहाबरोबर आपण आजवर किती उड्डाणं केली? विस्ताराचे पॉइंटसुद्धा एअर इंडियाच्या योजनेत वळते झाले, मग प्रवास का नाही? हिशेब जरूर करावा, पण वेगळ्या रकान्यात. ‘आजचा समूह’ असा रकाना ठेवा आणि तो हवा तेव्हा बदला, कारण तो बदलण्यासाठीच आहे. समूह पुढेही बदलतील, आणि फुटतीलही. ओझरहून हैदराबाद, अहमदाबादला जाणारी अलायन्स एअर ही एअर इंडियाची उपकंपनी होती. तिकिटावर ‘एआय’ नंबर असे, विमान अलायन्सचं. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली, अलायन्स एअर सरकारकडेच राहिली, आणि एप्रिल २०२२ पासून तिची तिकिटंही वेगळी झाली. ज्याने ‘एअर इंडिया’ एवढंच लिहिलं, त्याला आज आपण कुणाच्या विमानात बसलो होतो ते सांगता येणार नाही. म्हणून तिकीट कुणाचं आणि विमान चालवलं कुणी, हे दोन वेगळे रकाने असावेत.

हाच न्याय शहरांच्या नावांना लावावा. १९९५ आधीच्या तिकिटावर ‘बॉम्बे’ असेल तर नोंदीत बॉम्बे राहू द्या. सामानाच्या चिठ्ठीवर तर आजही ‘बीओएम’ हीच अक्षरं येतात. जुन्या तिकिटावर ‘औरंगाबाद’ असेल तर औरंगाबाद, नव्यावर ‘छत्रपती संभाजीनगर’ असेल तर तेच. जुनं नाव हट्टाने पुढे रेटायला नको आणि नवं नाव उत्साहाने मागे न्यायलाही नको. नावांवरून वाद घालायला दुसऱ्या जागा पुष्कळ आहेत. नोंदवहीत त्या दिवशी जे होतं ते असावं, एवढीच तिच्याकडून अपेक्षा आहे.

ज्यांना हे निव्वळ भावनेचं वाटतं त्यांच्यासाठी व्यवहाराचं सांगतो. अनिवासी भारतीयाचा कर ठरवताना वर्षभरात तो भारतात किती दिवस होता हे मोजतात. १८२ दिवस हा त्यातला मुख्य निकष, इतर अटीही आहेत. व्हिसाच्या अर्जात मागच्या प्रवासांच्या तारखा विचारतात. अशा वेळी वही आणि जुना बोर्डिंग पास यांच्यात मेळ हवा. पासवर विस्तारा आणि वहीत एअर इंडिया असेल, तर आपलीच नोंद आपल्याच कागदाशी भांडायला लागते. कागदपत्रांतल्या एका अक्षराच्या फरकासाठी खेटे घालणं काय असतं, हे आपल्याकडच्या लोकांना समजावून सांगायची गरज नाही.

तेव्हा वही अशी आखा: तारीख, कुठून कुठे, तिकिटावरची कंपनी आणि फ्लाइट नंबर, प्रत्यक्ष चालवणारी कंपनी, विमानाचा प्रकार, जमल्यास शेपटाजवळ लिहिलेला ‘व्हीटी’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक, कारण विस्ताराची विमानं एअर इंडियात आली तेव्हा रंग आणि नंबर बदलले तरी हा क्रमांक त्यांच्याबरोबर आला, आणि शेवटी शेरा. बोर्डिंग पासची शाई उडते, म्हणून त्याच दिवशी फोटो काढून ठेवा. विलीनीकरण झालं की शेऱ्यात एक ओळ: ‘कंपनी १२-११-२०२४ रोजी एअर इंडियात विलीन.’ बाकी ओळीला हात लावू नका.

१९५३ मध्ये डेक्कन एअरवेज, भारत एअरवेज, कलिंग एअरलाइन्स अशा आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स बनली. आज त्या आठांची नावं फारशी कुणाला आठवत नाहीत, आणि खुद्द इंडियन एअरलाइन्सही उरली नाही. आजच्या कंपन्यांचंही कधीतरी असंच होईल. तेव्हा कुणाच्या तरी नातवंडाला वही उघडून कळलं पाहिजे की आजी त्या दिवशी कोणत्या नावाच्या विमानातून गेली होती. ते नाव आजच लिहून ठेवता येतं.