बाजूच्या दाराने आलेले गुरुजी

शिक्षक होण्याच्या दोन वाटा आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. एक सरळ: पदवी, मग बी.एड., मग नोकरी. दुसरी आडवाट: आधी हातात खडू आणि प्रशिक्षण मागाहून, शिकवता शिकवता. या दुसऱ्या वाटेने आलेल्यांना लोक नाक मुरडतात. मी मराठी घेऊन बी.ए. झालो आणि उभा जन्म शहापूर-मुरबाडकडच्या शाळांत भाषा आणि इतिहास शिकवला. पण स्टाफरूममध्ये जे पाहिले त्यावरून माझे मत उलटे आहे, निदान भौतिकशास्त्रापुरते.

या विषयाचा माणूस खेड्यात टिकत नाही. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेला मुलगा आसनगावहून लोकल पकडून ठाण्या-मुंबईला जातो, नाहीतर मुरबाडच्या एमआयडीसीत लागतो. मग वनस्पतिशास्त्र किंवा रसायनशास्त्र घेतलेल्या शिक्षकाकडे विज्ञानाची दोन्ही पुस्तके येतात. गुरुत्वाकर्षण, विद्युतधारेचे परिणाम, प्रकाशाचे अपवर्तन हे धडे 'महत्त्वाचे आहे, पाठ करा' म्हणून उरकले जातात. यात त्या शिक्षकाचा दोष नाही.

पण नुसता विषय येऊनही भागत नाही. 'कार्य' हा धडाच घ्या. डोक्यावर ओझे घेऊन सपाट रस्त्याने चालले, तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध झालेले कार्य शून्य, असे पुस्तक सांगते. भातसा आणि तानसाचे पाणी मुंबईला जाते आणि शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. तिथल्या एका मुलीने आमच्या एका सहकाऱ्याला विचारले, "सर, आई एवढ्या लांबून हंडे आणते, ते काम नाही का?"

सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. ते म्हणाले, "हंडा जमिनीवरून डोक्यावर उचलला ते कार्य. सपाटीवर चालताना हंडा वर जात नाही, म्हणून त्या हिशेबात शून्य. पण आईचे स्नायू सारखे ताणलेले असतात, ते ऊर्जा खर्च करतात, म्हणून ती थकते. पुस्तकातला शब्द वेगळा आणि आईचे कष्ट वेगळे. दोन्ही खरे."

हे सर आडवाटेनेच आलेले. आधी काही वर्षे शिकवले, मग नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून बी.एड. केले. सुट्टीच्या दिवशी अभ्यासकेंद्रावर अध्यापनपद्धती ऐकायची आणि सोमवारी ती खऱ्या मुलांवर ताडून बघायची. मूल नेमके कुठे अडखळते, हे त्यांना वर्गानेच शिकवले. बी.एड.ने त्यावर विचार करायची शिस्त दिली.

ही वाट आता फार अरुंद झाली आहे. अध्यापक महाविद्यालयांचा बाजार झाला होता, हे खरेच. न्या. वर्मा आयोगाने २०१२ मध्ये कडक शिफारशी केल्या, त्यानंतर एनसीटीईचे २०१४ चे नियम आले आणि २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले. त्याच नियमांनी दूरशिक्षणाचे बी.एड. आधी एखादे अध्यापक प्रशिक्षण झालेल्यांपुरते ठेवले. म्हणजे डी.एड. झालेल्या प्राथमिक शिक्षकाला दार उघडे, पण आश्रमशाळेत तासिका तत्त्वावर फिजिक्स शिकवणाऱ्या बी.एस्सी. पोराला बंद. त्याने दोन वर्षे कमाई सोडून कॉलेजात बसायचे. घरी म्हातारे आईबाप, एक-दीड एकर भात. कसा बसणार? बी.एड.ला इंजिनिअरही चालतो, ५५ टक्क्यांची अट घालून नियमाने परवानगी दिली आहे. पण कारखान्यातला पगार सोडून तो येईल कशाला?

इंग्लंडमध्ये फिजिक्सचा शिक्षक व्हायला येणाऱ्याला सरकार प्रशिक्षणाच्या वर्षात मोठे विद्यावेतन देते, कारण तिथेही माणूस मिळत नाही. आपल्या २०२० च्या शैक्षणिक धोरणात एम.एस्सी. झालेल्यांसाठी एक वर्षाच्या बी.एड.ची सोय सुचवली आहे. चांगलेच आहे. पण आमच्या भागाला त्याहून साधी गोष्ट हवी. जो पोरगा आज वर्गात उभा आहे त्याला तिथेच राहू द्या. जवळच्या अनुभवी शिक्षकाने आठवड्याला त्याचा एक पाठ बघावा, शनिवार-रविवार अभ्यास व्हावा, विद्यावेतन मिळावे, आणि परीक्षा कागदावर न होता वर्गात व्हावी. आडवाट सोपी करा असे मी म्हणत नाही. कठीण ठेवा, पण बंद करू नका.

प्रयोगशाळा नाही ही सबब मी खूप ऐकली. कसाऱ्याला गाडीमागे जादा इंजिने लागतात, कारण घाटाचा चढ सदतीसास एक आहे. भातसा धरणाच्या पाण्यावर वीज तयार होते. एवढी मोठी प्रयोगशाळा तालुक्यात आहे. ती मुलांना उघडून दाखवणारा माणूस कोणत्या दाराने आला, हे विचारत बसलो तर दहावीची आणखी एक तुकडी व्याख्या पाठ करून बाहेर पडेल.