गणक कोणास म्हणावे?

यंत्रांपूर्वी माणूस अंदाजाने हिशेब करीत असे व दैवाच्या भरवशावर जहाजे हाकीत असे, असे मत हल्ली आमच्या सुशिक्षित घरांतून निःशंकपणे बोलले जाते. लॉगॅरिथमचे जुने पुस्तक रद्दीत घालताना तर त्यास विशेषच जोर चढतो. हे मत आम्हांस चुकीचेच नव्हे, कृतघ्नपणाचेही वाटते.

भर समुद्रात रेखांश कसा काढीत, हे आधी पाहावे. चंद्र तारकांमधून ताशी सुमारे अर्धा अंश सरकतो. म्हणजे आकाशाच्या तबकडीवरील तो काटाच होय. सेक्स्टंटने त्याचे सूर्यापासून वा एखाद्या ताऱ्यापासूनचे अंतर मोजावयाचे, त्यास वक्रीभवन व लंबन यांचे संस्कार द्यावयाचे, आणि तितके अंतर ग्रिनिचच्या किती वाजता पडते हे कोष्टकात पाहावयाचे. ती वेळ व स्थानिक वेळ यांत चार मिनिटांचा फरक म्हणजे एक अंश रेखांश. मोजण्यात एका कलेची चूक झाली, की विषुववृत्तावर सुमारे 30 सागरी मैलांची चूक झालीच! यास अंदाज म्हणणाऱ्याने ते गणित एकदा करून पाहावे.

बरे, ही कोष्टके तरी आकाशातून पडली काय? नेव्हिल मॅस्केलिन यांनी 1767 सालापासून जे नाविक पंचांग काढले, त्यात ही अंतरे दर तीन तासांची दिलेली असत. ती काढणारे ‘कॉम्प्युटर’ हाडामांसाचे होते. तो शब्द तेव्हा माणसाच्या धंद्याचा होता. एकच गणित दोघांकडे निरनिराळे सोपवून तिसऱ्याकडून ताडून घेत. एकदा दोघांनी एकमेकांचे आकडे उतरून घेतले; तिसऱ्याने ती लबाडी पकडली व दोघांचेही काम गेले. लडलो गावचे जॉन एडवर्ड्स 1784 मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या नावावरील बरेचसे गणित पत्नी मेरी करीत असे, हे उघडकीस आले. मॅस्केलिन यांनी पुढे तिलाच काम दिले. तिच्या मागून कन्या एलायझाने ते चालविले. 1832 च्या सुमारास सारे काम लंडनच्या कचेरीत गेले, आणि तेथे बाईमाणसास जागा नव्हती! घड्याळवाल्या हॅरिसनची कीर्ती सर्वत्र आहे. या मायलेकींचे नाव किती जणांस ठाऊक आहे?

यंत्रे फेकून द्या, असे आमचे म्हणणे नाही. पण अमेरिकेच्या आरमारी विद्यालयाने 1998 मध्ये बंद केलेले ताऱ्यांवरून मार्ग काढण्याचे शिक्षण 2015 मध्ये पुन्हा सुरू केले, ते काही जुन्याच्या प्रेमाने नव्हे. उपग्रहांच्या संकेतांवर सर्वस्वी विसंबणे त्यांस धोक्याचे वाटले. आमच्याकडे मात्र दशांशचिन्ह दोन घरे सरकलेले उत्तर विद्यार्थी खुशाल लिहून देतो, कारण ते यंत्राने दिलेले असते. लॉगॅरिथमच्या कोष्टकात केवळ अपूर्णांकाचा भाग मिळे. दशांशचिन्ह कोठे पडावयाचे हे ज्याचे त्यानेच ठरवावे लागे. रद्दीवाल्याच्या तराजूत आम्ही ही सवयही घातली आहे. ते पुस्तक वर्षातून निदान एक महिना तरी वर्गात परत आणावे, एवढेच आमचे मागणे आहे.