क्रॉफर्ड मार्केट ते वाशी : मुंबईचा भाजीबाजार खाडीपलीकडे का गेला?

मुंबईत कांदा महागला की टीव्हीचे कॅमेरे सगळ्यात आधी वाशीला पोहोचतात. भाजी खाणारे मुंबईकर, बाजाराचं नाव 'मुंबई कृषी उत्पन्न बाजार समिती', पण बाजार मात्र नवी मुंबईत. असं कसं झालं? आणि ज्या बाजारावर आजही एवढ्या मोठ्या शहराचं ताट अवलंबून आहे, त्याचं महत्त्व कमी का होतंय?

सुरुवात क्रॉफर्ड मार्केटपासून

1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध सुरू होतं. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, त्यामुळे मुंबईतून जाणाऱ्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात पैसा आला, माणसं आली. कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या आणि शहर पसरू लागलं. एवढ्या लोकांना भाजी, फळं, मटण विकायचं कुठे, हा प्रश्न होताच.

1865 मध्ये आर्थर क्रॉफर्ड मुंबईचे पहिले महापालिका आयुक्त झाले. त्यांच्या पुढाकाराने 1869 मध्ये नवी मंडई उभी राहिली. आराखडा विल्यम इमर्सन यांचा, तर प्रवेशद्वारावरची शेतकऱ्यांची शिल्पं जॉन लॉकवुड किपलिंग यांची. 'जंगल बुक' लिहिणारे रुडयार्ड किपलिंग हे त्यांचेच चिरंजीव.

क्रॉफर्ड यांचा हात मात्र सढळ होता. त्यांच्या खर्चिक कारभारावर करदाते भडकले. त्या असंतोषातूनच 1872 चा कायदा आला आणि मुंबई महापालिकेत लोकांनी निवडून दिलेले सदस्य बसू लागले.

पुढे या मंडईला महात्मा जोतिबा फुले यांचं नाव देण्यात आलं. शेतकरी कसा नाडला जातो, हे 1883 साली 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये मांडणाऱ्या माणसाचं नाव बाजाराला मिळालं. पण शेतकऱ्याच्या हातात किती पडतं, हा त्यांचा प्रश्न आजही संपलेला नाही.

मग बाजार हलवला का?

मुंबईचा नकाशा बघितला की उत्तर मिळतं. नाशिक, पुणे, सातारा, कोकण, सगळा माल जमिनीच्या बाजूने येणार. पण घाऊक बाजार शहराच्या दक्षिण टोकाला. फळांचा क्रॉफर्ड मार्केटला, भाजीचा भायखळ्याला, कांदा-बटाटा, मसाला आणि धान्याचा मशीद बंदरच्या आसपास. म्हणजे प्रत्येक ट्रक अख्खं शहर ओलांडून अरुंद गल्लीत शिरायचा आणि तोच माल टेम्पोने पुन्हा उपनगरात परत जायचा.

1970 मध्ये सिडकोची स्थापना झाली. मुंबईवरचा भार कमी करायला खाडीपलीकडे नवं शहर वसवायचं होतं. 1973 मध्ये वाशीचा खाडीपूल सुरू झाला. 1977 मध्ये मुंबई बाजार समिती स्थापन झाली. व्यापारी मात्र हलायला तयार नव्हते. जुनं गिऱ्हाईक सोडून खाडीपलीकडे कोण जाणार?

त्यामुळे स्थलांतर टप्प्याटप्प्याने झालं. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला कांदा-बटाटा गेला. मग मसाला आणि धान्य. सगळ्यात शेवटी, 1996 मध्ये, फळं आणि भाजीपाला. क्रॉफर्ड मार्केट किरकोळ बाजार म्हणून उरलं.

माथाडीही सोबत गेले

बाजार म्हणजे फक्त गाळे नाहीत. गोणी पाठीवर घेणारा हमाल नसेल तर ट्रक रिकामाच होत नाही. यातले बरेचसे कामगार सातारा, सांगली, पुणे भागातून आलेले. अण्णासाहेब पाटील यांनी त्यांना संघटित केलं आणि 1969 मध्ये माथाडी कायदा झाला. नोंदणी, मंडळामार्फत मजुरी, भविष्य निर्वाह निधी अशा गोष्टी असंघटित कामगाराला मिळाल्या. बाजार वाशीला गेल्यावर माथाडींची वस्तीही कोपरखैरणे, घणसोली परिसरात वाढली.

बाजार समितीचा कायदा काय सांगत होता?

राज्याचा बाजार समिती कायदा 1963 चा. गावात सावकार-व्यापारी वजनात मारायचे, पडेल भावात माल उचलायचे. त्यावर उपाय म्हणून ठरलं, की माल समितीच्या क्षेत्रात, परवानाधारक व्यापाऱ्यालाच विकायचा. वजन सगळ्यांसमोर, भाव लिलावात.

कागदावर हे चोख होतं. प्रत्यक्षात आडत, हमाली, तोलाई, वाहतूक कापून शेतकऱ्याच्या हातात पट्टी यायची आणि ती बघून काही वेळा डोळ्यात पाणी यायचं. फळबाजारात तर रुमालाखाली बोटं दाबून हापूसचा भाव ठरवण्याची पद्धत वर्षानुवर्षं चालली. माल ज्याचा, त्यालाच भाव कळत नव्हता.

2016 नंतर काय बदललं?

जुलै 2016 मध्ये राज्य सरकारने बाजार आवाराबाहेरचा फळं-भाजीपाला नियमनमुक्त केला. आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं. विरोधात व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले, पण निर्णय टिकला.

2020 मध्ये केंद्राने असाच बदल देशभर करायचा प्रयत्न केला. शेतकरी आंदोलनानंतर नोव्हेंबर 2021 मध्ये ते तीन कायदे मागे घेतले गेले. दरम्यान मे 2020 मध्ये कोरोनामुळे वाशीचा बाजार काही दिवस बंद राहिला, तेव्हा शेतकरी गटांनी थेट सोसायट्यांच्या गेटवर भाजी विकली. आता ॲपवाल्या कंपन्याही थेट शेतावरून माल उचलतात.

म्हणजे वाशीची गरज संपली?

इतकं सोपं नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2024 मधल्या एका संशोधन निबंधानुसार, ग्राहक टोमॅटोला जो रुपया देतो त्यातले साधारण 33 पैसे शेतकऱ्याला मिळतात. कांद्यात 36, बटाट्यात 37. मधली साखळी महाग आहे, हे उघड आहे.

पण कंपनीला निवडलेला, एकसारखा माल हवा असतो. उरलेला वाकडा-तिकडा, लहान-मोठा माल घेणारा बाजार लागतोच. शिवाय बाजारात रोज आवक आणि भाव जाहीर होतात. शेतावर सौदा करताना शेतकऱ्याकडे "आज वाशीला काय भाव निघाला?" हाच एक आधार असतो. बाजारातली आवक घटत गेली तर तो आकडाही कमकुवत होईल. आणि बाजाराबाहेर माल गेला की माथाडीचं कामही जातं.

क्रॉफर्ड मार्केटमधून बाजार हलला तेव्हा सगळ्यांना नवी जागा दाखवली होती. या वेळी बाजार हळूहळू मोबाइलमध्ये चाललाय. तिथे शेतकऱ्याला भाव कोण दाखवणार आणि गोणी उचलणाऱ्याची नोंद कुठे होणार, याची उत्तरं अजून ठरायची आहेत.