घड्याळाची हत्यारे : स्वस्त की किफायतशीर?

दहिवडी-म्हसवडकडील कित्येक घरांत वडिलांचे चावीचे एचएमटी घड्याळ आजही कपाटात जपलेले असेल. जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने १९६१ मध्ये बंगळूरला सुरू झालेला हा घड्याळ-उद्योग बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. सुटा भाग बिघडल्यास नवा मिळणे आता कठीण. म्हणून घरी घड्याळ उघडणाऱ्याने हत्यारे पारखूनच घ्यावीत.

पहिला खर्च पेचकसावर करावा. मऊ पोलादाचे पाते वाकते आणि स्क्रूची खाच कायमची बिघडवते. तीस नगांच्या स्वस्त पेटीपेक्षा ०.८ ते १.६ मिलिमीटरचे तीन-चार उत्तम पेचकस पुरेसे आहेत. चिमटा चुंबकत्व न धरणारा हवा. आतील केसासारख्या कमानीत चुंबकत्व शिरले, की घड्याळ पुढे धावू लागते. सेल मात्र प्लॅस्टिकच्या चिमट्यानेच उचलावा. पाचपट मोठे दाखवणारे भिंग घ्यावे. माणच्या कोरड्या धुळीत रबरी फुगा आणि उघडे यंत्र झाकण्यास काचेचा पेला हवाच. तोंडाने फुंकू नये. ओलाव्याने गंज चढतो.

पट्टा व सेल घरी बदलावा; चक्रे उतरवून तेल देणे कारागिराकडे सोपवावे. मालाची पारख असणाऱ्या वाचकांस अधिक काय सांगावे? पेटीतील नग मोजू नयेत, पाते पाहावे.