‘पुढे जायचं का?’ला ‘हो’ म्हणण्याआधी

झिम्ब्रा नावाचं मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर बसवायला घेतलं, की त्याचा इन्स्टॉलर कधीकधी मध्येच थांबतो आणि सरळ सांगतो: ही पॅकेजेस ज्या सिस्टीमसाठी बनवली आहेत ती तुमची दिसत नाही. चालतील, कदाचित चालणारही नाहीत. पुढे जायचं का? लिनक्सवर काम करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न किंवा त्याचा कुणी चुलतभाऊ भेटलेला असतो. बहुतेक जण ‘हो’ दाबतात. जपानमध्ये रात्रीचा एक वाजलेला असतो, पुण्यातली टीम साडेनऊला जेवणं उरकून कॉलवर बसलेली असते, ग्राहकाने सकाळी सहापर्यंतची वेळ दिलेली असते. ‘नाही’ म्हटलं तर पुढे काय, हे कुणी ठरवलेलंच नसतं.

माझं म्हणणं एवढंच, की हा प्रश्न मध्यरात्री, काम अर्ध्यावर असताना पडताच कामा नये. तो पडला याचा अर्थ आधीच्या तीन आठवड्यांत एक साधी चौकशी कुणीच केलेली नाही.

आयटीत नसलेल्या वाचकांसाठी जपानच्या विजेचं उदाहरण देतो. टोकियोत वीज ५० हर्ट्झची, ओसाकात ६० ची. १८९० च्या दशकात टोकियोच्या कंपनीने जर्मनीच्या एईजीची जनित्रं आणली, ओसाकाच्या कंपनीने अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकची. आज सव्वाशे वर्षांनंतरही शिझुओकातल्या फुजी नदीपासून निइगातातल्या इतोइगावापर्यंत देशाच्या मधोमध ती रेघ आहे. व्होल्टेज दोन्हीकडे १००, प्लगही सारखाच. त्यामुळे टोकियोचा जुना मायक्रोवेव्ह ओसाकाच्या भिंतीत अगदी नीट बसतो, घोळ आत होतो. तिकडे बदली झालेल्यांना उपकरणामागची पट्टी वाचून बघायला सांगतात ती यासाठी. मार्च २०११ च्या भूकंपानंतर पूर्वेकडची वीजकेंद्रं बंद पडली. पश्चिमेकडे वीज होती, पण मधल्या कन्व्हर्टर केंद्रांमधून सगळी मिळून सुमारे १० लाख किलोवॅटच इकडे येऊ शकत होती. १४ मार्चपासून टोकियोच्या आसपास ठरवून वीज घालवायची पाळी आली. भारनियमन! आपल्याला शब्द पाठ आहे, इथल्या लोकांना धक्का होता. ही क्षमता २०२१ मध्ये २१ लाख किलोवॅटवर नेली, आणि ती आणखी वाढवायचं काम चालूच आहे.

प्रोसेसरचं असंच आहे. ३२-बिट, ६४-बिट, इंटेल-एएमडीचा एक घराणा, एआरएमचा दुसरा. फाइल कॉपी होते, डिस्कवर नीट बसते, नावही तेच असतं. मधे क्यूएमूसारखा एम्युलेटर घालून एका जातीचा प्रोग्राम दुसऱ्या मशीनवर चालवताही येतो, पण तो त्या कन्व्हर्टर केंद्रांसारखा: येतं, पण थेंबथेंब.

त्यात मेल सर्व्हर म्हणजे एक प्रोग्राम नव्हे. पत्र घेणारा पोस्टफिक्स वेगळा, ते फोनवर पोचवणारा डव्हकॉट वेगळा, व्हायरस तपासणारा वेगळा, पासवर्ड बघणारा वेगळा, आणि प्रत्येकाच्या आपापल्या लायब्ररी. सगळंच बंद पडलं तर बरं, निदान कळतं तरी. इथे बारा जण धावतात आणि तेरावा गुपचूप बसून राहतो. शिवाय मशीन जी तक्रार करतं ती दिशाभूल करणारी. ६४-बिट सिस्टीमवर ३२-बिट प्रोग्राम चालवायला जा, आणि त्याला लागणारा लोडर तिथे नसेल, तर उत्तर येतं ‘अशी फाइल नाही’. फाइल डोळ्यांसमोर असते! नवशिका पोरगा तासभर परवानग्या बदलत बसतो. त्यामानाने ‘राँग ईएलएफ क्लास’ किंवा ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ ही भली माणसं, रोगाचं नाव तरी सांगतात.

टोकियोच्या ओता वॉर्डात सुटे भाग बनवणाऱ्या लहान कारखान्यांची मोठी वस्ती आहे. तिथल्या एका कारखान्याचा मेल सर्व्हर सेंटओएस ६ च्या ३२-बिट मशीनवर वर्षानुवर्षं बिनबोभाट चालू होता. त्या आवृत्तीचा आधार नोव्हेंबर २०२० मध्ये संपला, तरी यांनी मशीन बदललं ते त्याच्या पंख्याने आवाज काढायला सुरुवात केली तेव्हा. शनिवारी काम झालं. कंत्राटदाराने व्हायरस तपासणारा जुना प्रोग्राम जसाच्या तसा नव्या ६४-बिट मशीनवर उचलून ठेवला, पॅकेज मॅनेजरने नको म्हटलं तर ‘फोर्स’ लावला. पोस्टफिक्स उठला. त्या तपासनिसाकडून उत्तर येईना, म्हणून येणाऱ्या प्रत्येक पत्राला तो नम्रपणे ‘थोड्या वेळाने ये’ सांगू लागला. त्याच्या मूळ सेटिंगमध्येच तसं आहे, आणि ते चांगलंच आहे, नाहीतर पत्रं न तपासता आत गेली असती. सोमवारी कारखान्यात एकही मेल नाही. मालकांना वाटलं, बाजार थंड असेल. बुधवारी फॅक्स आला: आमची ऑर्डर मिळाली का? ग्राहकाच्या सर्व्हरने त्याला ‘पत्र अजून पोचलेलं नाही’ असं कळवलं होतं. पाठवणारे सर्व्हर साधारण चार-पाच दिवस प्रयत्न करतात आणि मग पत्र परत करतात. म्हणजे अजून एखादा दिवस गेला असता तर पहिली पत्रं परत फिरलीच असती. मला बोलावलं तेव्हा त्या प्रोग्रामवर ‘फाइल’ ही एक आज्ञा चालवली. ३२-बिट, असं तिने एका ओळीत सांगितलं. पंधरा माणसांच्या कारखान्याची पाच दिवसांची कमाई त्या एका ओळीवर अडली होती.

इथे लोक म्हणतात, जपानमध्ये असं कसं होतं? इथे तर सगळं लिहून काढलेलं असतं. असतं ना! तेजुन्शो म्हणतात त्याला, पायरी-पायरीने काम करायचं पुस्तक. ऐंशी पानं, प्रत्येक पायरीचा फोटो, शेजारी टिक करायला चौकोन, एक जण करणार, दुसरा बघणार. मला हे आवडतं, आपल्याकडे याच्या निम्मं तरी यायला हवं. पण पुस्तक ज्या मशीनसाठी लिहिलं ते हेच का, हे पुस्तक विचारत नाही. एका तेजुन्शोत मी त्या इशाऱ्याचाच फोटो पाहिला आहे, आणि खाली लिहिलेलं: ‘वाय’ दाबा. कुणीतरी, कधीतरी, एकदा ‘हो’ म्हटलं, ते चाललं, आणि त्याची सत्तेचाळीसावी पायरी झाली. आपण ‘चालवून बघू’ म्हणून ‘हो’ दाबतो, ते पुस्तकात आहे म्हणून दाबतात. बोट एकाच बटणावर.

चौकशीही वाटते तेवढी सोपी नाही, म्हणून ती आधी करायची. ‘युनेम डॅश एम’ एवढ्यावर थांबून भागत नाही. ते कर्नलची जात सांगतं, आणि कर्नल ६४-बिट असून वरचं सगळं ३२-बिट असू शकतं. रास्पबेरी पायवर हे सर्रास दिसतं. शिवाय ‘६४-बिट’ हा शब्दही आता पुरेसा राहिलेला नाही. २०२५ च्या रेड हॅट १० ला इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरमध्ये ‘व्ही३’ पातळीच्या सूचना लागतात. २०१३ च्या आधीच्या, चांगल्या धडधाकट ६४-बिट सर्व्हरवर ती उठतच नाही. अल्मालिनक्सने जुन्यांसाठी वेगळी ‘व्ही२’ आवृत्ती ठेवली आहे, पण ती मागावी लागते हे माहीत असायला हवं.

‘कशाला हा उद्योग, जीमेल घ्या’ असं सांगणारे मित्र आहेत. जरूर घ्या, पण कटकट तेवढ्याने संपत नाही. ॲमेझॉनच्या क्लाउडवर २०१८ पासून एआरएमची मशीन्स मिळतात, स्वस्त म्हणून घेतली जातात. पुण्यात पोरांच्या हातात ॲपलचे नवे लॅपटॉप, तेही एआरएम. त्यावर बांधलेला कंटेनर टोकियोतल्या इंटेलवर आला की तीच जुनी एरर. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर असतात, चूक मधल्या साडेतीन तासांच्या अंतरात राहते. तिथे आपल्यासारखा ब्रिज इंजिनीअर बसलेला असतो आणि त्याचा पगार भाषांतरासाठी असतो, असा दोन्हीकडचा समज.

आमच्याकडे आता पॅकेजसोबत येणाऱ्या मेलच्या पहिल्या ओळीत दोन गोष्टी लिहाव्या लागतात: कुठल्या मशीनवर बांधलं, कुठल्या मशीनसाठी बांधलं. ओळ रिकामी असेल तर पॅकेज परत. आणि ग्राहकाच्या मशीनवरून ती माहिती आणायचं काम टोकियोवाल्यांचं, म्हणजे आमचं, तेही तारीख ठरण्याआधी. पुण्याची मंडळी सुरुवातीला कुरकुरली, ग्राहकही म्हणाले की हे तेजुन्शोत नाही. मागच्या महिन्यात पुण्यातल्याच एका मुलीने ग्राहकाच्या तेजुन्शोतल्या एका पायरीवर शंका काढली. ग्राहकाने ती पायरी तपासायला आठवडा मागून घेतला आहे.