तुरुंगाबाहेरची शिक्षा

औंध संस्थानाने स्वातंत्र्यापूर्वीच आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवून कैद्यांना कुटुंबासह, तटबंदीवाचून, शेती कसू दिली, हे ज्या महाराष्ट्राने पाहिले, तेथेच जामीन मंजूर होऊनही केवळ जामीनदार मिळत नाही म्हणून एखाद्या मजुराने तुरुंगात खितपत पडावे, हे मला अत्यंत लांच्छनास्पद वाटते. शिक्षेच्या बाबतीत मात्र तुरुंगाला पर्याय खुला झाला आहे: १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने, पाच हजार रुपयांहून कमी किमतीची पहिलीच चोरी करून ऐवज परत देणाऱ्यास समाजसेवेची शिक्षा फर्मावली आहे. परंतु ही सेवा कोणत्या दवाखान्यात वा रोपवाटिकेत करून घ्यावी, हजेरीपट कोणी ठेवावा, कसूर झाल्यास इत्तला कोणास द्यावी, याचा बंदोबस्त जिल्हा न्यायाधीश, जिल्हाधिकारी आणि परिविक्षा अधिकारी यांनी एकत्र बसून, रोजंदारीवर जगणाऱ्याची मजुरी बुडणार नाही अशा बेताने, आताच केला पाहिजे.